दीड आण्याचे अंतर: मुंबईच्या वाहनांमागून चार दिवस

आमच्या घरात मुंबईची गोष्ट निघाली की ती चालण्यापासून सुरू होते. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या गावाहून लालबागला गेले, गिरणीत लागले आणि निवृत्त होईपर्यंत चाळीतल्या खोलीपासून गिरणीच्या दरवाजापर्यंतची दहा मिनिटांची वाट रोज पायी तुडवत राहिले. त्यांचीच नात, म्हणजे माझी चुलत बहीण, आज डोंबिवलीहून फोर्टमधल्या कार्यालयात जाते तेव्हा तिचा एका बाजूचा सव्वा तास गाडीत जातो. एकाच घराच्या दोन पिढ्यांत घर आणि काम यांच्यामधले अंतर इतके का वाढले, याचे उत्तर शहराच्या ट्राम, बस आणि लोकल यांच्या इतिहासात सापडेल असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर, गेल्या डिसेंबरात, मी त्यासाठी चार दिवस काढले. मुक्कामाला काळाचौकीला मामांचे घर होते. मामा ८२ वर्षांचे आहेत. त्यांनी उमेदीची सगळी वर्षे बेस्टमध्ये कंडक्टर म्हणून काढली.

पहिला दिवस, मंगळवार: बोरीबंदर ते पायधुनी

सकाळी हवेत किंचित गारवा होता आणि आकाशात धुरके. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोरच्या पदपथावर उभे राहून ती इमारत पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, की १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली प्रवासी आगगाडी निघाली तेव्हा ती इथे नव्हती. तेव्हा होते ते बोरीबंदरचे साधे स्थानक. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने आणि ठाण्यापर्यंतची ३४ किलोमीटरची वाट. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यातले हे भव्य टर्मिनस त्यानंतर ३०-३५ वर्षांनी पुरे झाले. रेल्वे यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत नाना शंकरशेट होते, ही गोष्ट मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आले. पण त्या दाराशी उभे राहून ती आठवताना मला ती नव्याने कळल्यासारखी वाटली.

आगगाडी गावाबाहेर नेत होती. गावातल्या गावात फिरायला सामान्य माणसाला पायच होते. बैलांचे शिग्राम, घोड्यांची बग्गी आणि पालख्या पैसेवाल्यांसाठी. ही स्थिती बदलली ती ९ मे १८७४ रोजी, घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हा. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुनीला जाई, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुनीलाच. कुलाबा ते पायधुनीचे भाडे तीन आणे होते आणि तिकीट दिले जात नसे. ट्राम चालवणाऱ्या स्टर्न्स आणि किटरेज या कंपनीच्या तबेल्यात तेव्हा ९०० घोडे होते असे सांगतात. तीन आणे ही त्या काळी मजुराला परवडणारी रक्कम नव्हती, म्हणून ट्रामचे पहिले प्रवासी होते ते कारकून, दलाल, दुकानदार. गिरण्या याच सुमारास वाढत होत्या, पण गिरणी कामगार ट्रामची वाट पाहत थांबला नाही. त्याने गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात खोली घेतली. गिरणगावच्या चाळी एवढ्या दाट का झाल्या, याचे एक कारण माझ्या मते या तीन आण्यांत आहे.

मी दुसरा मार्ग पायी चालून पाहायचे ठरवले. धोबी तलावापाशी एका इराण्याकडे बनमस्का आणि चहा घेतला. गल्ल्यावरच्या वृद्ध गृहस्थांनी, माझा बेत ऐकून, जुनी इराणी हॉटेले नेमकी रस्त्याच्या कोपऱ्यावर कशी असत आणि सकाळच्या पहिल्या ट्रामच्या माणसांसाठी त्यांच्या वडिलांच्या वेळी पहाटे भट्टी कशी लागत असे, ते सांगितले. पुढे काळबादेवी रस्ता इतका अरुंद आहे, की तिथून घोडे जोडलेला डबा, हातगाड्या आणि पायी चालणारे लोक एकाच वेळी कसे जात असतील, याचे मला प्रत्येक पावलाला नवल वाटत होते. कापडाच्या गठ्ठ्यांचे हमाल आजही तिथे "बाजू, बाजू" म्हणत धावतात. पायधुनीला पोहोचायला मला मधल्या थांब्यांसह तासभर लागला. ट्रामचे जंक्शन नेमके कुठे होते, हे एका अत्तरवाल्याने दुकानाबाहेर येऊन हाताने दाखवले. त्याने ते स्वतः पाहिलेले नव्हते. आजोबांनी त्याला दाखवले होते.

परतताना हुतात्मा चौकात थांबले. तिथल्या फ्लोरा फाउंटन या कारंज्याच्या दुरुस्तीच्या वेळी, २०१७ साली, रस्त्याखालून ट्रामचे रूळ निघाले. रस्त्याच्या डांबराखाली अर्धे शतक झोपलेले ते लोखंड होते. आपल्या रोजच्या चपलांखाली काय काय पुरलेले असते, या विचाराने मी तिथे बराच वेळ रेंगाळले.

या भागात फिरणाऱ्यांसाठी थोडे सांगते. टर्मिनसहून एनसीपीए या कलाकेंद्राकडे जाणारी ११५ क्रमांकाची वातानुकूलित विजेची दुमजली बस घ्यावी आणि वरच्या मजल्यावर पुढे बसावे. जुन्या दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी कायमच्या थांबल्या, त्यामुळे आता हीच एक झलक उरली आहे. वातानुकूलित बसचे किमान भाडे १२ रुपये आहे, साध्याचे १०. ही वाढ ९ मे २०२५ पासून लागू झाली. घोड्याच्या ट्रामचा वाढदिवसही ९ मेचाच, हे मामांनी मला रात्री जेवताना सांगितले.

दुसरा दिवस, बुधवार: आणिक आगार आणि दादर टी.टी.

मामांना बरोबर घेऊन कॉटन ग्रीनहून हार्बर मार्गाची गाडी घेतली. देशातली पहिली विजेची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी याच मार्गावर, व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावली. म्हणजे मुंबईची विजेची लोकल शंभरी ओलांडून गेली आहे. रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी ही नावे गोदीची आणि कापसाच्या गोदामांची आठवण देतात. आज दारातून दिसतात ती बंद गोदामे आणि त्यांच्यामागे उभे राहणारे मनोरे.

वडाळ्याला उतरून टॅक्सीने आणिक आगारात गेलो. तिथे बेस्टचे छोटे संग्रहालय आहे. आगाराच्या फाटकावर मामांनी आपला निवृत्तीचा ओळखपत्राचा कागद काढला, तेव्हा पहारेकऱ्याने तो न पाहताच त्यांना हात जोडले. आत ट्रामच्या लहान प्रतिकृती, जुनी तिकिटे, तिकिटांच्या पेट्या, छायाचित्रे आहेत. मामा एका तिकिटाच्या पेटीसमोर थांबले. "ही डाव्या हातात, पंच उजव्या हातात, आणि तोल सगळा गुडघ्यात," ते म्हणाले. "उभं राहायला शिकलास की अर्धी नोकरी शिकलास, असं आम्हाला सांगायचे."

इथे पाहिलेल्या आणि मामांकडून ऐकलेल्या गोष्टी मी एकत्र लिहिते. विजेची ट्राम आली ७ मे १९०७ रोजी आणि दुमजली ट्राम १९२० मध्ये. बस आली १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. मात्र बस सुरुवातीला सर्वांची नव्हती. फोर्टमधल्या म्युझियमपासून दादरपर्यंत ट्राम दीड आण्यात नेत असे. त्याच प्रवासाला बस चार आणे घेई. मला हे आकडे फार बोलके वाटले. चार आणेवाला आणि दीड आणेवाला एकाच रस्त्यावरून, एकाच दिशेने जात होते, पण एकमेकांशेजारी बसत नव्हते. पुढे १९३४ मध्ये बस शहराच्या उत्तर भागात गेली, १९३७ मध्ये दुमजली बस आली, १९४० मध्ये कुलाबा ते माहीम ही देशातली पहिली मर्यादित थांब्यांची बस निघाली, आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, सगळा कारभार महापालिकेकडे आला. त्यानंतर बस हळूहळू सर्वांची झाली, आणि ट्राम रस्ता अडवणारी म्हणून नकोशी झाली.

मामा १९६२ मध्ये लागले. ट्रामवर त्यांना जेमतेम दीड वर्ष मिळाले. ३१ मार्च १९६४ रोजी रात्री दहा वाजता शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला निघाली. मामांची त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून ते दादरला जाऊन उभे राहिले. "डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं," ते म्हणाले. "लग्नाची वरात यावी तशी ती आली. पण वाजंत्री वाजत होती तरी कुणी हसत नव्हतं, बघ."

ते ठिकाण पाहायला आम्ही बसने दादर टी.टी.ला गेलो. खोदादाद सर्कलला सगळे जण टी.टी. म्हणतात, टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. बसची वाट पाहणाऱ्या दोन कॉलेजच्या मुलींना मी हा अर्थ विचारला, तेव्हा त्यांना तो माहीत नव्हता, पण कळल्यावर त्यांनी मामांना इतके प्रश्न विचारले की त्यांची एक बस चुकली. साठ वर्षांपूर्वी गेलेल्या वाहनाचे स्थानक लोकांच्या तोंडी टिकून आहे, ही भाषेची ताकद आहे.

दादर पश्चिमेला वडापाव खाल्ला. १९६६ साली अशोक वैद्य यांनी याच स्थानकाबाहेर वडापाव विकायला सुरुवात केली असे मानतात, आणि ते पटण्यासारखे आहे, कारण उभ्याउभ्या, एका हाताने, गाडी येईपर्यंत संपणारे अन्न रेल्वेच्या फलाटाशेजारीच जन्मू शकते.

संग्रहालयाला जायचे असेल तर वार आणि वेळ फोन करून आधी विचारून घ्यावी. बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन फिरणाऱ्यांनी त्यांना देवनागरी अंक शिकवावेत. बऱ्याच बसच्या कपाळावर क्रमांक देवनागरीत असतो.

बुधवारची रात्र: डोंबिवली

मामांना घरी पोहोचवून मी रात्री काकांकडे डोंबिवलीला गेले. काकाही गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बऱ्याच गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. आमच्या घराने दोन वर्षांनी लालबागची खोली विकली. त्या पैशात डोंबिवलीला दोन खोल्या आल्या. काकांनी मग ठाण्याच्या एका कारखान्यात नोकरी धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा पास काढला.

तांदळाची भाकरी आणि सुकटीचे कालवण पानात होते. काका जेवता जेवता म्हणाले, "तुला सांगितलंय का कधी? आबा एकदा ट्राममध्ये बसले होते." मी हे कधीच ऐकले नव्हते. ट्राम बंद होणार असे कळल्यावर, त्या मार्चमधल्या एका रविवारी, आजोबांनी चारही मुलांना धुतलेले कपडे घालून लालबागहून म्युझियमपर्यंत नेले आणि तिथून लगेच परत आणले. खाली उतरून काही पाहिले नाही, काही खाल्ले नाही. काका तेव्हा शाळेत जाऊ लागले होते. त्यांना आठवते ते इतकेच, की आजोबा संपूर्ण वेळ उभे होते, जागा रिकामी असूनही, आणि मुलांना खिडकीशी बसवून बाहेर काय काय आहे ते बोटाने दाखवत होते.

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

तिसरा दिवस, गुरुवार: महिलांचा डबा

सकाळी चुलत बहिणीबरोबर निघाले. स्थानकाच्या जिन्यावर तिने माझ्या हातातली पिशवी पुढे, पोटाशी धरायला लावली आणि "ताई, मी 'चल' म्हटलं की थांबायचं नाही," असे बजावले. गाडी पुरती थांबायच्या आत डबा भरला होता. मी आत कशी गेले ते मला सांगता येणार नाही. मागच्या बायकांनी मला नेले.

ज्यांनी महिलांच्या डब्यातून रोजचा प्रवास केला आहे त्यांना पुढचे नवे वाटणार नाही, पण मला ते सगळेच नवे होते. बसलेल्या बाईला "कुठे उतरणार?" असे विचारून जागा राखली जाते आणि हा शब्द मोडला जात नाही. तिघींच्या बाकावर चौथीला टेकायला जागा देतात. त्या टेकण्यालाही 'चौथी सीट' असे नाव आहे. माझ्या समोर एक परिचारिका रात्रपाळीला पर्याय म्हणून आलेली सकाळपाळी गाठायला निघाली होती, तिच्या शेजारी बँकेतल्या एक बाई मेथी निवडत होत्या, आणि देठ टाकायची पिशवी तिसरीने धरली होती. नवरात्रात नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या, दसऱ्याला डब्याची पूजा, संक्रांतीला हळदीकुंकू, हे सगळे इथे होते. मैत्री फलाटावर सुरू होते आणि एकमेकींच्या घरच्या लग्नांपर्यंत जाते.

बँकेतल्या बाईंनी मला १९९२ सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी ५ मे रोजी पश्चिम मार्गावर चर्चगेट ते बोरिवली ही संपूर्ण महिलांची लोकल सुरू झाली. त्या तेव्हा बोरिवलीला माहेरी राहत आणि नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. "सगळी गाडी आमची, हे पहिल्या आठवड्यात खरंच वाटत नव्हतं," त्या म्हणाल्या. करोनाच्या काळाविषयी मात्र सगळ्याच बोलत होत्या. मार्च २०२० मध्ये लोकल सर्वांसाठी बंद झाली, १५ जूनपासून फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी धावली, महिलांना २१ ऑक्टोबरपासून मुभा मिळाली आणि सर्वांना १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत. मधल्या महिन्यांत परिचारिकेने रिकाम्या डब्यातून प्रवास केला होता. "पाय पसरून बसता येत होतं," ती म्हणाली, "पण मला रडू यायचं."

दिवा स्थानकानंतर मुंब्र्याचे वळण आले आणि डब्यातला आवाज थोडा उतरला. ९ जून २०२५ रोजी इथेच, समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही मरण पावले. बहिणीने माझा हात धरला, काही बोलली नाही. परळ परिसरातून जाताना मला २९ सप्टेंबर २०१७ आठवला. एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावरच्या चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. गिरण्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे उभे राहिले, हजारो माणसे नव्याने तिथे कामाला येऊ लागली, आणि पूल कामगारांच्या काळातलाच राहिला. आजोबांसारखे लोक चालत येत म्हणून त्या पुलाला जे सोसले, ते त्यांची नातवंडे दूर राहायला गेल्यावर सोसले नाही. या शहराने माणसांना लांब पाठवले आणि मग त्यांना आणण्याची सोय पुरेशी केली नाही, असे मला अगदी मनापासून वाटते, आणि हे म्हणताना मला राग आवरत नाही.

केवळ अनुभव म्हणून लोकलने जाणाऱ्यांनी सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळा टाळाव्यात; तुमची उत्सुकता कुणाची तरी हजेरी चुकवू शकते. मी गेले ती बहिणीच्या आधाराने. रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद, असतो; त्याचे वेळापत्रक आदल्या दिवशी पाहावे. दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट अजूनही ५ रुपये आहे, आणि हे शहर चालते ते बऱ्याच अंशी या पाच रुपयांवर.

चौथा दिवस, शुक्रवार: काळबादेवीच्या खालून

शेवटच्या दिवशी मामांना भुयारी मेट्रोत बसवायचे ठरले होते. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची मार्गिका तुकड्यातुकड्यांनी सुरू होत ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. तिच्यासाठी गिरगाव-काळबादेवीच्या काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या आणि रहिवाशांनी आपल्या जागेसाठी दीर्घकाळ आवाज उठवला. मामांचा एक जुना सहकारी त्यांतलाच, म्हणून मामा या मेट्रोवर रुसून होते.

सीएसएमटीच्या स्थानकात सरकत्या जिन्यावरून उतरताना त्यांनी माझा खांदा धरला. भाडे १० ते ७० रुपये, अंतरावर अवलंबून. "म्हणजे अंतर मोजून पैसे," ते म्हणाले, "आम्हीही तेच करत होतो, फक्त टप्पे तोंडपाठ होते." फलाटावर थंडगार हवा, काचेची दारे आणि शांतता होती. गाडी सुटली, आणि आजूबाजूचा अंधार सरतो न सरतो तोच काळबादेवीचे नाव पुकारले गेले. मंगळवारी ज्या रस्त्यावर मी हमालांना वाट देत रखडले होते, तो रस्ता आता आमच्या डोक्यावर होता. १८७४ मध्ये ज्या वाटेने घोडे ट्राम ओढत होते, ती १५१ वर्षांनी जमिनीखालून पुन्हा वाहनाची वाट झाली. मामांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी वर छताकडे पाहिले.

आम्ही सिद्धिविनायकपर्यंत गेलो, दर्शन घेतले आणि दुपारी परत फिरलो. येताना आचार्य अत्रे चौकाला बरीच माणसे चढली आणि मेट्रोतही शेवटी व्हायचे तेच झाले: सगळे दारापाशी थांबले, मधला भाग रिकामा राहिला आणि फलाटावरचे लोक चढेनात. मामांनी दांडी धरली, पाय थोडे फाकवले, गुडघे सैल सोडले आणि डब्यातल्या अनोळखी तरुणांना, मला लहानपणापासून माहीत असलेल्या त्या आवाजात, सांगितले, "पुढे चला, पुढे चला, आत जागा आहे." कानात वायरी घातलेल्या मुलांनी मागे वळून पाहिले, आणि सगळे पुढे सरकले.